ऑफिसचा मेल आपोआप मोबाईलवर: फॉरवर्ड लावायच्या आधी आणि लावताना काय काय बघायचं

नाशिकच्या सातपूर, अंबड, सिन्नरकडच्या छोट्या युनिटमध्ये मेलचं काम बहुतेक ठिकाणी एकाच कॉम्प्युटरवर चालतं, तो कॉम्प्युटर असतो केबिनमध्ये आणि ज्याला मेल बघायचाय तो माणूस असतो शॉपफ्लोअरवर नाहीतर मोठ्या कंपनीच्या गेटवर गाडी आत घ्यायची वाट बघत. तेवढ्यात मेल येतो की ड्रॉइंगला नवीन रिव्हिजन आलीय, जुन्यावर पुढचा लॉट लावू नका. हा मेल संध्याकाळी सहाला दिसला तर दिवसभराचं मशिनिंग स्क्रॅप. द्राक्षवाल्यांचं तर अजून अवघड, दिंडोरी-पिंपळगावकडून माल युरोपला जातो आणि हिवाळ्यात नेदरलँड्सचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं, म्हणजे तिकडच्या माणसाने संध्याकाळी पाचला ऑफिस सोडता सोडता कागदपत्रात दुरुस्ती मागितली तर इथे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात आणि ऑफिसला कुलूप.

म्हणून सगळे म्हणतात, फॉरवर्ड लावून द्या. मी हेच काम करतो, छोट्या युनिटचे कॉम्प्युटर, मेल, नेटवर्क सांभाळायचं, आणि माझं स्पष्ट मत आहे की दहातल्या सात-आठ ठिकाणी फॉरवर्डची गरजच नसते. ऑफिसचं अकाऊंटच मोबाईलच्या ॲपमध्ये टाकलं की काम होतं, रिप्लाय ऑफिसच्याच पत्त्यावरून जातो, सेंट फोल्डर एकच राहतो, इकडे वाचलेला मेल तिकडेही वाचलेला दिसतो. फॉरवर्डमध्ये मेलची दुसरी कॉपी तयार होऊन दुसऱ्या अकाऊंटला जाते आणि तिथून पुढे तिच्यावर ऑफिसचा काही कंट्रोल राहत नाही. तरी काही ठिकाणी फॉरवर्ड लागतोच, ते पुढे येईलच, पण आधी अकाऊंट टाकायचं बघू.

आधी मेल आहे कुठे ते ओळखा

कंपनीच्या नावाचा मेल आयडी असला तरी त्याच्यामागे सर्व्हिस कोणाची ते वेगवेगळं असतं. ब्राउझरमध्ये मेल उघडल्यावर जीमेलसारखंच दिसत असेल तर गुगल वर्कस्पेस, आउटलुकचं पान येत असेल तर मायक्रोसॉफ्ट ३६५, झोहोचं ते झोहो, आणि वेबसाईट बनवणाऱ्याने होस्टिंगबरोबरच मेल दिला असेल आणि वेबमेल नावाचं साधं पान येत असेल तर बहुतेक सीपॅनलवाला मेल (सीपॅनल म्हणजे होस्टिंग सांभाळायचं कंट्रोल पॅनल). खाली सगळं यावरच अवलंबून आहे, त्यामुळे माहीत नसेल तर ज्याच्याकडे दरवर्षी रिन्यूअलचे पैसे भरता त्याला एक फोन करा.

दुसरं म्हणजे परवानगी. तुम्ही नोकरीला असाल तर कंपनीचा मेल स्वतःच्या पर्सनल जीमेलवर परस्पर वळवू नका, आयटीवाल्याला किंवा मालकाला मेलवरच विचारा आणि उत्तर जपून ठेवा. व्हेंडर कंपनीतली ड्रॉइंग तर तुमच्या मालकाचीही नसतात, ती कस्टमरची असतात आणि गोपनीयतेच्या करारावर सही करून घेतलेली असतात. असं ड्रॉइंग पर्सनल अकाऊंटला जाऊन पडलं आणि ऑडिटमध्ये निघालं तर ऑर्डरवर येतं, हे हलक्यात घ्यायची गोष्ट नाही.

अकाऊंट मोबाईलमध्ये टाकणे

वर्कस्पेस असेल तर जीमेल ॲपमध्ये वर उजवीकडच्या फोटोवर टॅप, ॲड अनदर अकाऊंट, गुगल, ऑफिसचा आयडी-पासवर्ड, झालं. मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर आउटलुकचं ॲप टाका, त्यातच लॉगिन करा. झोहोचं स्वतःचं ॲप चांगलं आहे, आणि झोहोच्या फुकट प्लॅनमध्ये आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून सगळ्या डिव्हाईसवर सारखा दाखवायची पद्धत) मिळत नाही म्हणून तिथे तर तेच ॲप वापरायचं.

सीपॅनलवाल्यांनी जरा थांबून करा. जीमेल ॲपमध्ये अदर निवडायचं, मेल आयडी टाकायचा, पुढे पॉप की आयमॅप विचारतो तिथे आयमॅप. इनकमिंग सर्व्हर होस्टिंगवाल्याने दिलेला (बऱ्याचदा मेल डॉट आणि पुढे तुमचं डोमेन, म्हणजे मेल आयडीतलं @ नंतरचं नाव, असा असतो), पोर्ट ९९३, सिक्युरिटी एसएसएल. आउटगोइंगला पोर्ट ४६५ एसएसएल, नाही चाललं तर ५८७ आणि स्टार्टटीएलएस. युजरनेम म्हणजे पूर्ण मेल आयडी, नुसतं पुढचं नाव टाकलं की पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही आणि लोक तासभर पासवर्डच बदलत बसतात.

आता सगळ्यात जास्त फोन येतात ते प्रकरण. मोबाईलमध्ये अकाऊंट बरोबर टाकलंय, पण मेल कधी येतात कधी नाही, किंवा सकाळी दिसलेला मेल दुपारी गायब. कारण ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आउटलुक पॉपने लावलेलं असतं. पॉपचं काम असं की सर्व्हरवरचा मेल कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायचा आणि कॉपी ठेवायला सांगितलं नसेल तर सर्व्हरवरून काढून टाकायचा. म्हणजे कॉम्प्युटर चालू असेल तर मेल मोबाईलच्या आधी तोच घेऊन जातो आणि मोबाईलला रिकामी पेटी मिळते. तेव्हा मोबाईलशी खेळत बसू नका, कॉम्प्युटरवरच्या आउटलुकमध्ये अकाऊंट सेटिंग्ज उघडा, त्या अकाऊंटच्या मोअर सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्ड टॅब (नवीन व्हर्जनमध्ये हे जरा वेगळ्या जागी दिसेल) आणि तिथे लीव्ह अ कॉपी ऑफ मेसेजेस ऑन द सर्व्हर याला टिक करा. खाली किती दिवसांनी सर्व्हरवरून काढायचं तेही विचारतो, होस्टिंगला जागा कमी असेल तर महिनाभर ठेवा. खरा पक्का उपाय म्हणजे कॉम्प्युटरवरही आयमॅप लावणे, पण जुना सगळा मेल त्या कॉम्प्युटरच्या पीएसटी फाईलमध्ये पडलेला असतो, म्हणून आधी त्या फाईलचा बॅकअप घ्या, पेनड्राईव्हवर का होईना, आणि मगच हात लावा.

मग फॉरवर्ड कुठे लागतो

एक म्हणजे सीपॅनलवालं आयमॅप अकाऊंट अँड्रॉइडच्या जीमेल ॲपमध्ये टाकलं तर ते ठराविक वेळाने तपासतं, सगळ्यात कमी पंधरा मिनिटं. गुगलच्या स्वतःच्या अकाऊंटवर मात्र मेल आला की लगेच वाजतो. ज्याला रिव्हिजनचा मेल ताबडतोब हवा त्याला पंधरा मिनिटंही जास्त. दुसरं म्हणजे परचेस किंवा इन्फो नावाचे सामाईक पत्ते, जे कोणा एकाचे नाहीत पण दोघातिघांना दिसायला हवेत. तिसरं, मालक दुसऱ्याच कुठल्या अकाऊंटवर काम करतो आणि त्याला ठराविकच मेल बघायचेत, सगळे नाही.

सामाईक पत्त्यासाठी मात्र फॉरवर्डच्या आधी एक बघा. वर्कस्पेसमध्ये परचेस हा पत्ता गुगल ग्रुप म्हणून बनवता येतो, वेगळं लायसन्स लागत नाही, त्यात दोन-तीन जणांना मेंबर करायचं आणि बाहेरच्यांना मेल पाठवायची परवानगी चालू करायची, मेल सगळ्यांना जातो. मायक्रोसॉफ्टमध्ये याला शेअर्ड मेलबॉक्स म्हणतात, ५० जीबीपर्यंत त्यालाही वेगळं लायसन्स नको आणि मोबाईलच्या आउटलुक ॲपमध्ये तो जोडता येतो. कोणी सोडून गेलं की नाव काढलं, विषय संपला.

जीमेल किंवा वर्कस्पेसमधून फॉरवर्ड

हे मोबाईल ॲपमधून होत नाही, शोधत बसू नका, कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्येच उघडा. ज्या अकाऊंटचा मेल पाठवायचाय त्यात लॉगिन, वर गिअरचं चिन्ह, सी ऑल सेटिंग्ज, मग फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप हा टॅब. ॲड अ फॉरवर्डिंग ॲड्रेस वर क्लिक करून जिथे मेल हवाय तो पत्ता टाका, नेक्स्ट, प्रोसीड. आता त्या दुसऱ्या पत्त्यावर एक व्हेरिफिकेशनचा मेल जाईल, तो उघडून लिंक दाबायची, सापडला नाही तर स्पॅममध्ये बघा. बरेच जण इथेच थांबतात आणि फॉरवर्ड चालत नाही म्हणतात, कारण व्हेरिफाय झाल्यावर परत पहिल्या अकाऊंटच्या त्याच पानावर येऊन, पान रिफ्रेश करून, फॉरवर्ड अ कॉपी ऑफ इनकमिंग मेल हा गोल निवडायचा असतो. शेजारच्या यादीत कीप जीमेल्स कॉपी इन द इनबॉक्स ठेवा. डिलीटचा पर्याय चुकूनही नको, मूळ मेल ऑफिसच्या अकाऊंटमध्ये राहिलाच पाहिजे. आणि सगळ्यात खाली जाऊन सेव्ह चेंजेस, ते दाबल्याशिवाय काहीच लागू होत नाही.

वर्कस्पेसमध्ये फॉरवर्डचा पर्यायच दिसत नसेल तर ॲडमिनने बंद केलेला असतो, ॲडमिन कन्सोलमध्ये जीमेलच्या एंड युजर ॲक्सेसमध्ये ऑटोमॅटिक फॉरवर्डिंगचं बटण असतं. ते कोणी मुद्दाम बंद केलं असेल तर कारण विचारून मगच चालू करायला सांगा.

सगळं नको, कामाचंच पाठवा

माझ्या मते फॉरवर्डची खरी चांगली पद्धत हीच आहे. सगळे मेल वळवले की मोबाईल दिवसभर वाजतो, लोक दोन दिवसात नोटिफिकेशन बंद करतात आणि मग ज्यासाठी केलं तो मेलही जातो. त्यापेक्षा फिल्टर लावा. पत्ता वरच्यासारखा जोडून व्हेरिफाय करून घ्या पण मुख्य फॉरवर्ड बंदच ठेवा. मग सर्चच्या पट्टीत उजवीकडच्या रेघांच्या चिन्हावर क्लिक करा, फ्रॉममध्ये कस्टमरचं डोमेन टाका, म्हणजे त्या कंपनीतून कोणीही मेल केला तरी पकडेल, माणसाचं नाव टाकलं तर तो रजेवर गेला की दुसऱ्याचा मेल निसटतो. सब्जेक्टमध्ये रिव्हिजन, अमेंडमेंट, पीओ, शेड्यूल असे शब्द, मध्ये ओआर (OR, कॅपिटलमध्ये) टाकून, आणि हे शब्द कस्टमर जसे इंग्रजीत लिहितो तसेच टाका. द्राक्षवाल्यांनी रेसिड्यू, फायटो, बीएल, कंटेनर असे ठेवा. क्रिएट फिल्टर दाबलं की फॉरवर्ड इट टू ला टिक करून पत्ता निवडा, आणि सोबत एक लेबलही लावा, समजा तातडी नावाचं, पुढे ऑफिसमध्ये बसून काय काय गेलं ते एका जागी दिसतं.

एका फिल्टरमध्ये फ्रॉम आणि सब्जेक्ट दोन्ही भरलं तर दोन्ही जुळल्यावरच मेल जातो. कस्टमरचा प्रत्येक मेल हवा असेल तर त्याचा वेगळा फिल्टर आणि शब्दांचा वेगळा. फिल्टर फक्त इथून पुढे येणाऱ्या मेलवर चालतो, मागचे पाठवत नाही, ते हवे असतील तर हातानेच पाठवावे लागतील.

मायक्रोसॉफ्ट ३६५

ब्राउझरमध्ये आउटलुक उघडा, गिअर, मेल, फॉरवर्डिंग, एनेबल, पत्ता, खाली कीप अ कॉपी ला टिक, सेव्ह. ठराविक मेलसाठी त्याच जागी रूल्स आहेत, तिथे फॉरवर्ड टू आणि रिडायरेक्ट टू असे दोन प्रकार दिसतील. फॉरवर्डमध्ये मेल तुमच्या नावाने आल्यासारखा दिसतो, रिडायरेक्टमध्ये मूळ पाठवणाऱ्याचंच नाव राहतं, म्हणून बहुतेक वेळा रिडायरेक्ट बरं.

पण एवढं करूनही बाहेरच्या पत्त्यावर मेल जाणार नाही अशीच शक्यता जास्त. मायक्रोसॉफ्टने कंपनीबाहेर होणारा ऑटोमॅटिक फॉरवर्ड मुळातच बंद ठेवलाय, मेल परत येतो आणि त्यात ५.७.५२० असा कोड दिसतो. हे तुमच्या सेटिंगमध्ये काही बिघडल्यामुळे नाही. ॲडमिनला डिफेंडर पोर्टलमध्ये अँटी-स्पॅमची आउटबाउंड पॉलिसी बघावी लागते, तिथे सिस्टिम कंट्रोल्ड असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ बंदच. सगळ्या कंपनीला उघडू नका, फक्त त्या एका मेलबॉक्ससाठी वेगळी पॉलिसी बनवून त्यात चालू करा.

सीपॅनल

इथे करायला सगळ्यात सोपं आणि त्रास मात्र सगळ्यात जास्त. सीपॅनलमध्ये ईमेलखाली फॉरवर्डर्स, ॲड फॉरवर्डर, कुठून कुठे ते टाका, संपलं. मेलबॉक्स आधीपासून असेल तर मेल तिथेही राहतो आणि पुढेही जातो. त्रास असा की आलेला कचराही जसाच्या तसा पुढे जातो, आणि समोर जीमेल असेल तर तो कचरा तुमच्याच सर्व्हरने पाठवलाय असं त्याला दिसतं. शिवाय पाठवणाऱ्याच्या डोमेनवर एसपीएफची (त्या डोमेनच्या नावाने कोणत्या सर्व्हरने मेल पाठवायचा याची यादी) जी तपासणी होते तीत तुमचा सर्व्हर बसत नाही, म्हणून चांगले मेलही स्पॅममध्ये पडतात किंवा अडवले जातात, फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने पाठवणाऱ्यांचे नियम कडक केलेत तेव्हापासून तर हे सांभाळावंच लागतं. म्हणून आधी सीपॅनलमधलं स्पॅम फिल्टर चालू करा, जास्त स्कोअरचे मेल सर्व्हरवरच डिलीट होतील असं ठेवा, आणि फॉरवर्डरऐवजी ईमेल फिल्टर्समधून फक्त कस्टमरच्या डोमेनचे मेल रिडायरेक्ट करा.

रिप्लाय कुठून जातो ते बघा

पर्सनल जीमेलवर आलेल्या मेलला तिथूनच रिप्लाय केला तर तो पर्सनल पत्त्यावरून जातो. कस्टमरच्या परचेसवाल्याला अनोळखी पत्त्यावरून कोटेशन आलं तर तो उघडणार नाही, आणि उघडलं तर पुढचं सगळं बोलणं त्या पर्सनल पत्त्यावर सुरू होतं, ऑफिसला त्याचा पत्ताच नाही. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये अकाऊंट्स अँड इम्पोर्ट टॅबला सेंड मेल ॲज आहे, तिथे ऑफिसचा पत्ता त्याच्या आउटगोइंग सर्व्हरसकट जोडा आणि रिप्लाय फ्रॉम द सेम ॲड्रेस निवडा. ऑफिसचं अकाऊंटही गुगलचंच असेल तर साधा पासवर्ड चालत नाही, टू-स्टेप (पासवर्डनंतर मोबाईलवर दुसरी खात्री) चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड काढावा लागतो. एवढं करायचं नसेल तर नियम ठेवा, मोबाईलवर फक्त वाचायचं आणि उत्तर ऑफिसच्या अकाऊंटमधून.

तपासणी

टेस्ट मेल तिसऱ्याच अकाऊंटवरून पाठवा. ज्या जीमेलवर फॉरवर्ड येणार आहे त्यातूनच टेस्ट पाठवली तर जीमेल ओळखतं की हा मेल तर याच अकाऊंटने पाठवलाय आणि दुसरी कॉपी इनबॉक्समध्ये दाखवत नाही. शेजाऱ्याच्या मोबाईलवरून एक मेल करा, एक साधा, एक पीडीएफ जोडून. आणि दोन्ही अकाऊंटनी एकमेकांना फॉरवर्ड लावलेला नाही ना तेही बघा, नाहीतर मेल गोल गोल फिरत बसतो.

मेल येतोय पण वाजत नाही, हा फोनचा विषय. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्ये बॅटरी वाचवायला ॲप मागे बंद करतात. सेटिंग्जमध्ये ॲप्स, जीमेल, बॅटरी, तिथे अनरिस्ट्रिक्टेड करा, आणि ऑटोस्टार्ट असेल तर तेही चालू. मग जीमेल ॲपच्या सेटिंग्जमध्ये त्या अकाऊंटला सिंक जीमेल ला टिक आहे का बघा. रात्रीची झोप सांभाळायची असेल तर इनबॉक्सचं नोटिफिकेशन बंद करून, मॅनेज लेबल्समधून फक्त तातडी या लेबलचं सिंक आणि नोटिफिकेशन चालू ठेवा, मात्र हे लेबल ज्या अकाऊंटवर बघताय त्याच अकाऊंटमध्ये लावलेलं पाहिजे, फॉरवर्डबरोबर लेबल जात नाही. आयफोनवाल्यांनी जीमेलसाठी जीमेलचंच ॲप वापरा, आयफोनच्या मेल ॲपमध्ये जीमेल ठराविक वेळाने ओढलं जातं, लगेच येत नाही. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाणाऱ्यांनी डेज ऑफ मेल टू सिंक तीसवर ठेवा आणि लागणारी पीडीएफ नाशिकरोडलाच उघडून डाउनलोड करून घ्या, कसारा घाटात रेंज जाते.

तुम्ही न लावलेला फॉरवर्ड

हे प्रत्येकाने आजच बघावं, फॉरवर्ड लावायचा असो नसो. पासवर्ड चोरणारे लोक मेलमध्ये शिरले की गुपचूप एक फॉरवर्ड किंवा रूल लावून ठेवतात, इन्व्हॉइस आणि पेमेंटचे मेल त्यांना जात राहतात, तुम्ही पासवर्ड बदलला तरी तो रूल तसाच राहतो. मग योग्य वेळी तुमच्या कस्टमरला तुमच्यासारख्याच पत्त्यावरून मेल जातो की आमचं बँक खातं बदललंय. म्हणून फॉरवर्डिंगचा टॅब, फिल्टर्स, आउटलुकचे रूल्स आणि सीपॅनलचे फॉरवर्डर्स ही चारही ठिकाणं महिन्यातून एकदा उघडून बघा, अनोळखी पत्ता दिसला तर आधी स्क्रीनशॉट घ्या, मग तो काढा, पासवर्ड बदला, सगळ्या डिव्हाईसवरून साईन आउट करा आणि टू-स्टेप चालू करा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आणि बँक खातं बदललं असा मेल कोणाचाही आला तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याच्याकडे जाणारे फॉरवर्ड आणि फिल्टर काढा. नुसता त्याचा पासवर्ड बदलून भागत नाही, कारण परचेसच्या पत्त्यावरून त्याच्या जीमेलला जाणारा फॉरवर्ड परचेसच्या सेटिंगमध्ये असतो. जीमेलमध्ये डिसेबल फॉरवर्डिंग निवडून सेव्ह करा, यादीतून पत्ताही रिमूव्ह करा, फिल्टर वेगळे तपासा. ज्या फोनमध्ये अकाऊंट होतं तो फोन गुगल अकाऊंटच्या युअर डिव्हायसेसमधून साईन आउट करा, आणि नंतर परचेसला एक टेस्ट मेल टाकून तो आता कोणाकोणाकडे पोचतोय ते बघा.